पंचविसावा बिल्ला

शार्क मेला हे कळतं कसं, असं लोक मला विचारतात. मी सांगते, कळत नाही. समुद्र काही मृत्यूचा दाखला देत नाही. म्हणून आम्ही शार्क जिवंत पकडतो, पाठीवरच्या पराच्या मुळाशी पिवळा प्लास्टिकचा बिल्ला टोचतो आणि सोडून देतो. बिल्ल्यावर क्रमांक असतो आणि आमच्या संशोधन केंद्राचा फोन. पुढे कुणाच्या जाळ्यात तो मासा मेला, की त्या बोटवाल्याने बिल्ला आणून द्यायचा. दोनशे शार्कना बिल्ले लावले आणि वर्षभरात किती परत आले, यावरून जाळ्यातल्या मरणाचं प्रमाण निघतं. गणित सोपं आहे, फक्त मध्ये माणसं येतात.

माणसं बिल्ले देत नाहीत. जास्त बिल्ले गेले तर सरकार खाडी मासेमारीला बंद करील अशी बोटवाल्यांना भीती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? मी जादा बिल्ले दोरीला बांधून काही महिने धक्क्याखाली पाण्यात सोडले. नव्याची चकाकी कुणीही ओळखली असती. माझे शेवाळाने हिरवेगार झाले. मग बोटी परत आल्या की आमचा माणूस तपासणीला म्हणून वर चढायचा आणि बर्फातल्या एखाद्या मेलेल्या शार्कला गुपचूप त्यातला एक टोचून यायचा. त्यांतले बरोबर अर्धे परत आले. म्हणजे खरे बिल्लेही अर्धेच येत असणार, आणि आलेला प्रत्येक बिल्ला दोन मेलेल्या माशांचा धरायला हवा.

दादाच्या बोटीवरही एक टोचला होता. दादा माझा सख्खा थोरला भाऊ आणि बोटमालक संघाचा अध्यक्ष. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्या हिशोबात बसत नाही.

बैठक सकाळी होती. सरकारच्या मासेमारी समितीने आधीच ठरवलं होतं की वर्षाला पंचवीस टक्के किंवा जास्त शार्क जाळ्यात मरत असतील, तर पिल्लं घालायच्या हंगामात खाडी बंद. मी फळ्यासमोर उभी राहिले. आलेले खरे बिल्ले चोवीस, दुप्पट अठ्ठेचाळीस, दोनशेतून चोवीस टक्के.

खाडी वाचली नाही. आकडा मला आवडला नाही, पण तो काही माझ्या घरचा नोकर नाही. मी तोच लिहिला आणि खाली सही केली.

मागे बोटवाल्यांच्या रांगेत हसू पसरलं. गुपचूप टोचलेल्या बिल्ल्यांचं सांगितल्यावर मात्र एकजण उठलाच.

"म्हणजे आमच्या बोटींवर चोरासारखी माणसं चढवलीत तुम्ही?"

"चोर घेऊन जातो," मी म्हटलं. "आम्ही ठेवून आलो."

चहाची सुट्टी झाली. जिन्याजवळच्या खिडकीत दादा एकटाच उभा होता, चहा तसाच हातात. हंगाम वाचला होता, तरी चेहरा उतरलेला.

"तोंड का पाडलंयस?" मी म्हटलं. "तुझ्या बोटीवरचा बिल्ला दुसऱ्याच दिवशी आला, माहितीये? मला खात्रीच होती. बाकीचे बनवतील, माझा दादा नाही बनवणार."

त्याने कप खिडकीत ठेवला. खिशातून बोटीच्या किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या कडीत अडकवलेला पिवळा तुकडा नखाने सोडवायला लागला.

"आले तेवढे सगळे दिले मी," तो म्हणाला. "हा एकच नाही देता आला."

क्रमांक एक. थोरली.

मी टोचलेली ती पहिली मादी, बोटीच्या रुंदीएवढी लांब. वर्षभर मी तिच्या गोष्टी दादाच्याच घरी जेवताना सांगत होते. भाची तर झोपायच्या आधी विचारायची, आत्या, आज थोरली कुठे असेल? आणि मी छातीठोकपणे सांगायचे, खोल पाण्यात, मजेत. समोर दादा मान खाली घालून जेवत असायचा.

"कधी?"

"तू सोडल्यावर दुसऱ्याच महिन्यात. पोटात पिल्लं होती. तुला कोणत्या तोंडाने सांगणार?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. माझ्या मायेपोटी त्याने माझं गणित बिघडवलं होतं, आणि माझ्या कुठल्याच युक्तीला हे सापडलं नसतं. परक्या माशाचा बिल्ला देणारा माणूस घरच्या माशाचा लपवतो, याला माझ्याकडे सूत्र नव्हतं.

"हा धरला तर पंचवीस होतात," मी म्हटलं. "खाडी बंद. तुझीही बोट बांधून पडेल."

"मलाही दोनने गुणता येतं."

"मग आत्ताच का दिलास? उद्या दिला असतास."

"माझा दादा नाही बनवणार, म्हणालीस ना आत्ता." त्याने बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. "जा, पूस तो आकडा."

मी आत गेले, चोवीस पुसले, पंचवीस लिहिले. बोटवाल्यांत एकच गलका झाला. समितीचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, पंधरा मिनिटांत हा पंचविसावा आला कुठून?"

बिल्ला कुठल्या बोटीचा हे आम्ही कधीच सांगत नाही. तसा शब्दच दिलेला असतो. मी बिल्ला साहेबांपुढे ठेवला.

मागच्या रांगेतून दादा उठला. त्याच्या आजूबाजूच्या बोटमालकांनी त्याच्याकडे पाहिलं, तो आपल्या बाजूने भांडेल म्हणून.

"माझ्या बोटीवरून," तो म्हणाला.