बहिणीची सही

चंद्रकांताबाईंनी अंगणात पसरलेलं धान पायानं फिरवायचं थांबवलं आणि पाहुण्यांसाठी खाट ओढली. रीता बसली. तिचा नवरा नीलेश मोटरसायकलला टेकून उभाच राहिला. करडी गावापर्यंत यायचंच कशाला, हा त्याचा सकाळपासूनचा राग अजून उतरला नव्हता.

वरठीचं ते दोन खोल्यांचं घर रीताच्या मनात भरलं होतं. अकरा वर्षांत चार भाड्याची घरं बदलून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, तरी तिनं घाई केली नाही. भर पावसाळ्यात जाऊन भिंतींची ओल पाहिली, विहिरीचं पाणी चाखलं, उन्हाळ्यात नळ किती वेळ येतो ते शेजारणीला खोदून खोदून विचारलं. "घर पाहून राहिली का पोरीसाठी नवरा?" असं नीलेश चिडवायचा. कागद वकिलानं तपासले होते. घर विकणाऱ्या वीरेंद्रला चंद्रकांताबाई ही एकच बहीण, आणि तिचं हक्कसोडपत्रही रजिस्टर झालेलं. उद्या बयाणा द्यायचा होता. पण बहिणीला एकदा समोरासमोर विचारल्याशिवाय रीताला चैन पडेना.

"मावशी, तुमच्या भावाच्या घराचं बोलाले आलो," ती म्हणाली. "तुमची काही हरकत नाही ना?"

"कोणत्या घराचं?"

"वरठीच्या. विकून राहिले ना ते."

चंद्रकांताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "वीरू घर विकून राहिला? मले तर काही नाही बोलला."

"पण तुमी ऑफिसात जाऊन सही केली ना?"

"केली ना. अंगठा, फोटो, सारं. बाबाचं नाव काढून त्याचं लावाचं आहे म्हणे. गाडीनं नेलं, येताना साडी घेऊन देल्ली." एवढं सांगतानाही त्यांच्या तोंडावर भावाचं कौतुक होतं.

नीलेश खाकरला. "चाल रीता. सही यांचीच आहे म्हणतात ना? झालं काम."

रीता उठली. कागद पक्का होता. गप्प राहिलं तर संक्रांत स्वतःच्या घरात झाली असती. चार पावलं चालून ती थांबली. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती परत येऊन खाटेवर बसली आणि पिशवीतून हक्कसोडपत्राची नक्कल काढली.

"हे तुमाले कोणी वाचून दाखवलं होतं काय?"

"नाही बा. भाऊच संगं होता, वाचाचं काहून?"

रीता वाचू लागली. कचेरीची अवघड भाषा ती एकेक वाक्य थांबून समजावून सांगत होती. मागे नीलेशनं गाडी चालू केली, जरा वेळानं बंद केली. 'वडिलोपार्जित घरातील माझा निम्मा हिस्सा' इथपर्यंत ती आली, तेव्हा चंद्रकांताबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते घर माझं बी होतं?"