गुळाचा डबा आणि छातीतला धूर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये फळीवर बसून असतो. माझ्या पोटात गूळ आहे आणि त्या गुळाचीच मला भीती वाटते. हसू नका, सगळं सांगतो.

जन्मलो तेव्हा मी बिस्किटांचा होतो, अंगावर गुलाबाची फुलं होती. सदाशिव नावाच्या वेल्डरने मला इथे आणलं. तो कोल्हापूरकडचा. गावाहून येताना दर खेपेला गूळ आणायचा. इथे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनतात. वेल्डिंग सुरू झालं की शेडमध्ये असा धूर कोंडतो, की माझी फुलंसुद्धा काळी पडली. पाळी सुटली की सगळे माझ्याभोवती गोळा व्हायचे.

"खडा टाक तोंडात, गुरुदास," सदाशिव म्हणायचा. "गुळाबरोबर छातीतला धूर सगळा पोटात उतरून जातो बघ."

गुरुदास इथल्याच इब्रामपूरचा, त्याचा कामावरचा जोडीदार. माझ्या शेजारी मास्कची पेटी होती, पण ती साहेब तपासणीला यायचे त्याच दिवशी उघडायची. "त्यान घाम येता रे," म्हणत गुरुदास ती मागे सरकवायचा आणि मला पुढे ओढायचा. काय सांगू, मी केवढा फुगलो होतो! या माणसांचा जीव आपणच राखतो, असं मला खरंच वाटायचं.

मग सदाशिवला खोकला लागला. तो एका खड्याऐवजी तीन खाऊ लागला. असे सहा महिने गेले. एकदा खोकताना माझ्या झाकणावर लाल थेंब पडला. त्याने तो बाहीने पुसला आणि कुणाला सांगितलं नाही. मी पाहिला होता, पण मला ओरडता येत नव्हतं.

मग तो कामावर यायचाच बंद झाला. मागच्या सोमवारी त्याची बायको विमला त्याचे इथे राहिलेले कपडे न्यायला आली.

"भावजी, फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय," ती गुरुदासला म्हणाली. "आयुष्यात विडी ओढली नाही हो त्यांनी! डॉक्टर म्हणाले, गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात. लई उशीर केलात म्हणाले. तुम्ही तरी छातीचा फोटो काढून घ्या."

गुरुदासही महिनाभर खोकतो आहे. "फाल्यां जातंय, वहिनी," तो म्हणाला. त्याचं ते उद्या अजून आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी असल्या धुरात काम करत असेल, तर त्याला मास्क घालायला लावा. खोकला हटत नसेल तर हाताला धरून दवाखान्यात न्या. गुळावर विसंबू नका, मी पाया पडतो.

आत्ताच पाळी सुटली आहे. गुरुदास खोकत खोकत फळीकडे येतो आहे. माझं झाकण गंजलं आहे आणि मी ते आवळून धरलं आहे. पण त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.