माझ्या पोटावरची तांबडी रेष

मित्रांनो, मी जुना नकाशा आहे, आणि तोही अमेरिकेचा. सीमाभागात, ठाणाकुशनूरच्या पलीकडच्या एका गावात, मराठी शाळेच्या भिंतीवर माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. गेली चाळीस वर्षं मीही तेच विचारतो आहे.

चित्रकलेच्या गुरुपादय्या मास्तरांनी मला मांजरपाटाच्या कापडावर रंगवलं. उत्तरेत माणसाला गुलाम करायला बंदी होती, तो भाग हिरवा. दक्षिणेत माणसं बाजारात विकत, तो पिवळा. आणि माझ्या पोटावरून आडवी एक तांबडी रेष. मास्तरांचा हात नेटका होता. ती रेष ज्यांनी मुळात ठरवली, त्यांच्याबद्दल मात्र माझ्या तोंडून चांगला शब्द निघणार नाही.

ते लोक अमेरिकेच्या संसदेत बसत. कडक कॉलर, सोन्याची घड्याळं आणि तोंडी सदा स्वातंत्र्य! खासदारांच्या जागा ठरवायला डोकी मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असं त्यांच्या थोरांनी राज्यघटनेतच लिहून ठेवलं होतं. १८२० साली यांनी ठरवलं, पश्चिमेच्या नव्या मुलुखात रेषेच्या वर गुलामी नको, खाली चालेल. म्हणजे पाप कुठे करायचं याची हद्द आखली आणि एकमेकांची पाठ थोपटली. १८५० साली, पळून उत्तरेत आलेल्याला धरून मालकाच्या हवाली करायचा कायदा कडक केला. चार वर्षांनी ती रेषही पुसली. एवढ्या तडजोडी करून शेवटी युद्ध झालंच. लाखो माणसं मेली. आणि त्या सभागृहात एकाही गुलामाला कुणी काही विचारलं नव्हतं.

उमेदीत मला मान होता. मुलं माझ्यापुढे हात बांधून उभी राहत. पुढे मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. झुरळांनी फ्लोरिडा खाऊन टाकलं, कुणाला पत्ताही लागला नाही.

यंदा जानेवारीत स्नेहसंमेलनासाठी अनिलकुमार सरांनी मला बाहेर काढलं. 'अमेरिकेची संसद' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. खासदारांसाठी दहा खुर्च्या आणि गुलामांसाठी जमीन. आमच्या गावात बैठक भरली की काही घरं कट्ट्यावर बसतात आणि बौद्ध वस्तीतली माणसं खाली. कुणी सांगत नाही, तसेच बसतात. सरांनी मुलं निवडली तीही तशीच.

तालमीत नववीतल्या स्नेहलनं विचारलं, "सर, आम्ही काय बोलायचं?"

"तुम्हाला बोलायचं न्हाई गं. तुमच्याबद्दल बोलायलेत की ते."

तिनं शेजारी बसलेल्या तिघांकडे पाहिलं. चौघंही एकाच वस्तीतले.

"सर, आम्हीच कामून खाली?"

सरांचा चेहरा उतरला. "तसं माझ्या मनात काय न्हवतं," असं ते म्हणाले. खरंच नव्हतं. मनात असावं लागतच नाही, सवय पुरते. भल्या माणसाचा मला म्हणूनच जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी तिची आजी सुभद्राबाई शाळेत आली. "ह्येच बघायला नातीला शिकवायलाव व्हय? ती खुर्चीवर बसंल, न्हाईतर नाटकात न्हाई."

संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव तिथेच होते. ते हसून म्हणाले, "अक्का, चिडायलीस कामून? पोरगी नकाशा धरून हुबी राहील. वर बी न्हाई, खाली बी न्हाई. झालं समाधान?"

बघा, दोनशे वर्षांनीही तोच धंदा! सुभद्राबाई तडक निघाली. स्नेहल मात्र म्हणाली, "आज्जी, थांब. मी धरते नकाशा."

संमेलनाच्या दिवशी तिनं मला दोन्ही हातांनी ताणून धरलं. खासदार तावातावानं भांडले. अण्णारावांची मुलगी प्रतीक्षा दक्षिणेची पुढारी होती. ती ओरडली, "आखा रेष!" एकानं माझ्या पोटावर छडी टेकवली, आणि स्नेहलनं मला सरळ गुंडाळलं.

छडी हवेतच राहिली. पहिल्या रांगेतून अण्णाराव गरजले, "नकाशा धर म्हटलं न्हवं का तुला!"

"धरलाय की," स्नेहल म्हणाली. मी तिच्या काखेत होतो.

ती खुर्च्यांपुढे जाऊन उभी राहिली. दहाही भरलेल्या. मांडवात अर्धे लोक टाळ्या वाजवत होते, अर्धे शिव्या देत होते. प्रतीक्षा जराशी सरकली. मला वाटलं, अर्धी खुर्ची देईल, बापाचीच लेक ती. पण ती अख्खी खुर्ची सोडून उठली.

"बस स्नेहल," ती म्हणाली. "बोल आता."

त्यावरून गावात दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. अण्णाराव महिनाभर लेकीशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी नाटक नको, नुसते नाच बसवा, असा ठराव झाला. पुन्हा एक तडजोड!

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला खुशाल झुरळांना घाला. त्या दिवशी माईकपुढे बसून ती पोरगी जे बोलली, ते तेवढं जपा. ती म्हणाली, "माझं नाव स्नेहल. तुम्ही माझ्याबद्दल बोलायलाव. मी हितंच हाय. मला विचारा."