दार धरून उभा असलेला माणूस

“ह्यातली मोटारींची पानं कुणी खाल्ली, झेडसाहेब?”

मॅब्रीबाईंनी जुन्या मासिकांचा जाडजूड खंड माझ्याकडे ढकलला. माझं आडनाव झेलिन्स्की. पहिल्या दिवशी त्यांनी ते एकदा उच्चारून पाहिलं होतं. पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत.

मी चाचरतच सांगितलं, की मासिकांचे वर्षाचे अंक बांधणीला पाठवताना जाहिरातींची पानं आधी काढून टाकायची, अशी आमच्या ग्रंथालयाची पद्धत होती. कपाटात जागा कमी. कथा आणि लेख तेवढे जपायचे, बाकीचा कचरा. आणि हे डेट्रॉइटमध्ये, जिथे निम्मं गाव मोटारींच्या कारखान्यांवर जेवत होतं.

“म्हणजे माझे वडील कचऱ्यात गेले,” त्या म्हणाल्या.

“आजी, त्यात ह्यांचा काय दोष?” सोबत आलेली त्यांची नात डनिटा म्हणाली.

“मी कुठे दोष देतेय? बिचाऱ्यांकडे बघून तर वाटतं, पान उलटतानासुद्धा पानाची माफी मागत असतील.”

मी खाली बघितलं. ते खरंच होतं.

बाईंचे वडील, क्लिओफस टॉलिव्हर, शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात उभे असत. येणाऱ्या मोटारीचं दार उघडायचं, बाईमाणसांना हात द्यायचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर एके दुपारी एक चित्रकार आला. नवी कोरी मोटार दारात उभी करून, टॉलिव्हरना तिचं दार धरायला लावून तो संध्याकाळपर्यंत रेखाटत बसला. मोटारीची जाहिरात होती. टॉलिव्हर घरी, चर्चमध्ये, न्हाव्याकडे सांगत सुटले, मी मासिकात येणार. मग एकदम त्यांनी तो विषयच बंद केला. पुढे घराला आग लागली आणि त्यांचे होते नव्हते ते फोटो गेले.

ऑगस्टमध्ये टॉलिव्हर मंडळींचा मेळावा असतो. लांबलांबून माणसं येतात, मांस भाजलं जातं, आणि लहानथोर सगळे एकसारखे सदरे घालतात. सदऱ्यावर घरातल्या एका वडीलधाऱ्याचं चित्र छापलेलं असतं. यंदा पाळी क्लिओफस टॉलिव्हरांची होती.

“आणि माझा भाऊ रूझवेल्ट म्हणतो, नुसतं नाव छापा. म्हणे, म्हातारा थापाच मारायचा, कसली जाहिरात आणि कसलं काय.” बाईंनी तो खंड मिटला. “जायच्या आत मला एवढंच बघायचंय, झेडसाहेब. थाप होती का खरं होतं.”

मला एकदम आठवलं. तळघरात एका न्हाव्याच्या बंद पडलेल्या दुकानातून आलेली खोकी पडून होती. गिऱ्हाइकांनी हाताळून मऊ झालेले सुटे अंक. त्यांच्या वाट्याला बांधणी आलीच नव्हती, म्हणून त्यातल्या जाहिरातीही वाचल्या होत्या. शनिवारी मी ती खोकी वर आणली आणि आम्ही तिघं लांब टेबलाशी बसलो.

त्या दुपारी काय वाटलं, ते मला सांगता येईल की नाही, शंकाच आहे. जन्मभर ज्या पानांना मी कचरा समजत आलो, त्यांतून एक अख्खा देश आमच्यासमोर कूस बदलत होता. मंदीतली मोटार वर्षानुवर्षं टिकण्याची शपथ घेत होती. तिच्याभोवतीची माणसं ताठ आणि काळजीत. मग युद्ध. विकायला मोटारच नाही, तरी जाहिरात होती: रणगाड्याचं चित्र, आणि खाली, जरा धीर धरा, तुमची गाडीही येईल. मग एकाएकी हिरवळी, पांढरी कुंपणं, गालात हसणाऱ्या बायका. मोटारी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबत गेल्या आणि माणसं चिमुकली होत गेली. आधी नवऱ्याशेजारी बसलेली बाई पुढे स्वतः स्टिअरिंगमागे आली. मी चष्मा पुसत राहिलो. देवळात बसल्यासारखं वाटत होतं.

“ह्या लोकांना कामधंदा नव्हता काय गं?” बाई डनिटाला म्हणाल्या. “जो तो सहलीला निघालाय!”

“आजी, हा कुत्रा बघ. खिडकीत बसलाय राजासारखा.”

“कुत्र्याला खिडकीशी जागा आहे, पोरी. आपल्यातलं एक तरी काळं माणूस दिसलं का?”

डनिटाने पुढची पानं भराभर उलटली, मग हळूहळू. दिसलं नव्हतं.

नंतरच्या वर्षांच्या एका अंकात मात्र एक काळं कुटुंब दिसलं. आईबाप, दोन मुली, झगझगीत निळी मोटार. बाईंनी त्या मुलींवरून बोट फिरवलं. “आल्या एकदाच्या,” त्या पुटपुटल्या.

मग तळाशी राहिलेला, युद्धानंतरचा एक अंक मी उघडला आणि बाईंचा हात माझ्या मनगटावर पडला.

हॉटेलचं कमानीचं दार. हिरवी मोटार. तिच्यातून उतरणारी, फरचा कोट घातलेली बाई. आणि पानाच्या अगदी कडेला, मोटारीचं दार धरून उभा असलेला दरवान.

“ती टाच बघ,” बाई म्हणाल्या. “डावी. जमिनीला टेकलेली नाही. लोखंडाच्या ओतशाळेत पाय भाजला होता बाबांचा, म्हणून तर दारावरची नोकरी धरली. टाच कधी टेकायचीच नाही. आणि खांदा बघ, हा असाच तिरका. हे बाबाच आहेत.”

डनिटा पानावर वाकली. मीही. टोपीखालचा चेहरा गुलाबी होता. निळे डोळे, पिंगट भुवया. माझ्यासारखाच गोरा; माझ्या भावाचा शोभला असता. मला अंक मिटून टाकावासा वाटला.

बाईंनी त्या गुलाबी चेहऱ्यावर बोट टेकवलं.

“म्हणजे त्यांनी हे बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच बोलायचे थांबले. आम्ही पोरं थापाड्या म्हणून चिडवायचो, तरी ऐकून घेतलं. घरी आणून दाखवलं नाही.”

“आजी, हे सदऱ्यावर कसं छापायचं? रूझवेल्टआजोबा लोळून हसतील.”

मी घसा साफ करून सुचवलं, की झेरॉक्स काढताना चेहऱ्यावर कागदाचा एक तुकडा ठेवता येईल.

“कागद नको,” बाई म्हणाल्या. “गोऱ्या तोंडावर आणखी पांढरं कशाला? आणा तो अंक.”

मी तो यंत्राच्या काचेवर पालथा ठेवला. बाईंनी पानाचा कोपरा उचलला, डोळे बारीक करून जागा हेरली आणि अंगठा आत सरकवला.

“दाबा बटण.”

“हात हलवू नका,” मी म्हणालो.

“मी नाही हलवत. तुमचाच थरथरतोय.”

उजेडाची पट्टी या कडेपासून त्या कडेला गेली. कागद बाहेर आला. लांबलचक मोटार, फरवाली चिमुकली बाई, दारावर हातमोज्यातला हात, उचललेली टाच. आणि दरवानाच्या गळपट्टीच्या वर बाईंचा अंगठा: गडद, फरवालीच्या डोक्यापेक्षा मोठा, एकीत एक फिरणाऱ्या त्याच्या सगळ्या रेषा स्वच्छ उमटलेल्या.