जुन्या पाहुण्या

“आई, तिकडे कुठे निघालीस? दार इकडे आहे!”

दामियाना थबकली. हातातलं गाठोडं सावरत ती हॉटेलच्या बाजूच्या बोळात चांगली दहा पावलं आत गेली होती, कचऱ्याच्या पिंपांपर्यंत. पिंपांच्या पलीकडे कामवाल्यांचं दार. अडतीस वर्षांनी चिलीतल्या इकीके गावात पाऊल टाकलं आणि पाय मेले आपले आपण तिकडेच वळले.

“काही नाही गं, जरा सावलीला...” ती पुटपुटली.

“सावली? इथे ऊन तरी आहे का!” मिर्था हसली. समुद्रावरून आलेलं धुकं अजून छपरांवर बसून होतं. “चल. तुझं बारांदाल तुला पुढच्या दारातून दाखवते.”

मिर्था म्हणजे दामियानाची एकुलती एक लेक, सीमेपलीकडे उंच डोंगरावर वसलेल्या ओरुरोच्या शाळेत मास्तरीण. आईच्या साठीला तिने ही भेट ठरवली होती. कोणाला पत्ता लागू न देता खोली राखून ठेवली, बसची तिकिटं काढली आणि निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. लहानपणापासून तिने बारांदाल हॉटेलच्या गोष्टी ऐकल्या होत्या. पांढरीशुभ्र अंथरुणं, सकाळी तबकात पपई, गॅलरीतून दिसणारा समुद्र. वर्गातल्या मुलांना, शाळेतल्या बायकांना तिने त्या शंभरदा सांगितल्या होत्या. शेजारपाजारच्या बायका भाकरतुकड्याला महाग असताना आपली आई चक्क समुद्रावरच्या हॉटेलात राहून आली, याचा तिला केवढा तोरा होता!

गोष्टी सगळ्या खऱ्या होत्या. फक्त त्या गादीवर झोपणारी बाई दुसरी होती. दामियाना ती गादी घालायची.

बाविसाव्या वर्षी ती गावी परतली आणि सेवेरिनोशी तिचं लग्न झालं. सेवेरिनो बँडमध्ये ढोल वाजवायचा. दरवर्षी समुद्र-दिनाला तो मिरवणुकीत ढोल बडवायचा आणि घरी येऊन, जुन्या लढाईत आपल्या देशाचा समुद्रकिनारा गिळला म्हणून चिलीवाल्यांना लाखोली वाहायचा. त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या बायकोने दोन वर्षं त्याच चिलीवाल्यांचे संडास घासलेत? सासूने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ला पास शहरात मावशीकडे होते, मावशीने एकदा महिनाभर समुद्रावर नेलं होतं. एकदा बोललेलं मग निस्तरत बसावं लागलं, ते सेवेरिनो मातीत गेला तरी संपलं नाही.

आता पुढच्या दारातून आत शिरताना ती मिर्थाच्या पाठीआड राहिली.

पण बघायला उरलं होतं काय? खालच्या दालनातल्या फरशा उखडलेल्या. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. त्यांच्या तेवीस नंबरच्या खोलीत गॅलरीचं दार खिळे मारून बंद केलेलं, आणि खिडकीसमोर समुद्राच्या जागी नव्या इमारतीची भिंत. नळ सोडला तर आधी तो खोकला आणि मग लाल पाणी आलं. मिर्थाने घोंगडी ओढली. खालची चादर राखाडी पडली होती, मधोमध सिगारेटने जळलेलं भोक.

“शी! आई, हे बघ! हेच का तुझं पांढरंशुभ्र?”

“दिवस बदलतात, पोरी.”

“दिवस बदलतात, चादरी नाही बदलत का कोणी?”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. टॉवेल घेऊन एक म्हातारी आत आली. पाठीत वाकलेली, निळा झगा, पायात पुरुषी बूट. तिने मान वर केली आणि दामियानाने तिला ओळखलं. एलोदिया! जिन्याखालच्या खोलीत दोन वर्षं दोघी एका खाटेवर झोपल्या होत्या. दामियाना तापाने फणफणली तेव्हा आठ दिवस तिच्या वाट्याचा मजला हिनेच झाडला, मुकादमाला कळू न देता. तिच्यासारखीच परदेशातून, ताक्नाहून आलेली एलोदिया, मोठ्याने हसायची म्हणून बोलणी खाणारी एलोदिया. अजून इथेच?

“दामि...” म्हातारी बोलून गेली. मग तिची नजर दामियानाच्या नव्या शालीवर गेली, कानातल्या सोन्यावर गेली, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या मिर्थावर गेली. तिला काय समजायचं ते समजलं. “टॉवेल आणलेत, बाईसाहेब.”

“तिथे ठेवा,” दामियाना म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.

एलोदियाने टॉवेल ठेवले आणि गेली. दामियानाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. एक शब्द बोलायचा होता, नुसतं नाव घ्यायचं होतं. तेवढंसुद्धा तिच्याने झालं नाही. संध्याकाळी जिन्यात एलोदिया पुन्हा समोर आली, बादली घेऊन. दामियानाने शाल तोंडावर ओढली आणि धापा टाकल्यासारखं करत तिच्या बाजूने निघून गेली. डोंगरावर राहणाऱ्या बाईला खाली उतरताना धाप कसली लागते? पण मिर्थाच्या ते लक्षात आलं नाही.

सकाळी मिर्था ती चादर काखोटीला मारून खाली गेली, मागोमाग दामियाना. न्याहारीला बसलेली सात-आठ माणसं वळून बघू लागली.

“ही चादर तुमच्या आईला घालाल का?” मिर्थाने काउंटरवर चादर आपटली.

मॅनेजर ऑर्लांदो हा मूळ मालकाचा नातू. गुळगुळीत माणूस. त्याने चादरीकडे पाहिलं, हॉटेलकडे मात्र नाही. “एलोदिया!” तो ओरडला. “ये इकडे! बघ तुझे पराक्रम!” मग मिर्थाकडे वळून गोड आवाजात म्हणाला, “म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही हो. मी कधीचा काढायला बघतोय, पण कारण लागतं. तुम्ही तक्रारवहीत लिहा. आईसाहेबांची सही घ्या. खोली राखताना आमच्या जुन्या पाहुण्या आहेत म्हणालात ना? जुन्या पाहुण्यांच्या शब्दाला वजन असतं. सोमवारपर्यंत हिचा निकाल लावतो.”

एलोदिया मुदपाकखान्याच्या दारात उभी होती. ओले हात झग्याला पुसत होती. तिने विनवणी केली नाही, दामियानाकडे पाहिलंही नाही.

मिर्थाने झरझर लिहिलं, सही केली आणि वही पुढे सरकवली. “आई, इथे.”

दामियानाने पेन हातात घेतलं. सही करावी, खोलीत जावं, उद्याची बस धरावी. इतकं सोपं होतं. कोणाला काय कळणार होतं? तिने पेन वहीवर टेकवलं.

“सांगा ना, आईसाहेब,” ऑर्लांदो म्हणाला. “तुमच्या वेळी असं होतं का?”

“नव्हतं,” दामियाना म्हणाली. “आमच्या वेळी आम्ही सहा जणी होतो. कपडे धुवायला आणखी तिघी. मागच्या आवारात दोन मोठे हंडे होते, चादरी उकळायच्या. तुझ्या आजोबांना डाग दिसला तर आमचा पगार कापायचे, पण साबण मोजून देत नव्हते. आता किती जणी आहात गं, एलोदिया?”

“एकटी,” एलोदिया जमिनीकडे बघत म्हणाली.

“आई, काय बोलतेयस?” मिर्थाचा चेहरा पडला. “आम्ही म्हणजे कोण?”

“मी इथे कधी पाहुणी नव्हते, मिर्था. मी इथे खोल्या झाडत होते. दुसरा मजला. संडाससुद्धा. मावशी-बिवशी कोणी नव्हती.” तिने पेन खाली ठेवलं. “मी तापात पडले तेव्हा या बाईने माझं काम उरकलंय, मला खाऊ घातलंय. आणि काल मी तिला ओळख दिली नाही. वहीत लिहायचंच असेल तर हे लिही.”

ऑर्लांदोने गुपचूप वही बंद केली. पाहुण्यांनी माना खाली घालून पुन्हा पाव खायला सुरुवात केली.

खोलीत आल्यावर मिर्था पाठमोरीच राहिली.

“बाबांना माहीत होतं?”

“त्यांना तर मुळीच नाही.”

“मी सगळ्या शाळेला सांगत फिरले गं! मुलांना निबंध लिहायला लावला मी त्यावर!” तिचा आवाज चिरकला. “मला सांगितलं असतंस तर काय मी तुला टाकून दिलं असतं?”

मिर्था शाल घेऊन एकटीच समुद्राकडे निघून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. तेच दामियानाला जास्त लागलं.

थोड्या वेळाने एलोदिया धुतलेली चादर घेऊन आली. जुनीच, पण बिनभोकाची, नुकती इस्त्री फिरवलेली. हात गरम चादरीवर तसेच ठेवून ती क्षणभर उभी राहिली.

“एलो,” दामियाना उठली. “माझं चुकलं गं. काल मी...”

“नोकरी वाचवलीत, उपकार झाले,” एलोदिया म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे कुठे हात घालावा तेच दामियानाला कळेना.

“असं परक्यासारखं नको बोलूस. आण, ते टोक इकडे दे. दोघींनी घालू, पटकन होईल.”

“बसा, बाईसाहेब.” एलोदियाने तिच्या हातातून चादरीचं टोक सोडवून घेतलं. “इथे पाहुण्यांनी हात लावायचा नसतो.”

दामियाना खुर्चीवर बसली. तिने हात मांडीवर ठेवले. एलोदियाने चादर झटकून गादीवर पसरली, वाकून एक कोपरा आत खोचला, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली, दुसरा खोचला. मग कमरेला हात लावून सरळ झाली आणि तिसऱ्या कोपऱ्यासाठी पुन्हा अलीकडे आली.