मी गिळलेल्या सात वह्या

मित्रांनो, नायगावच्या बी.डी.डी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या टोकाला एक काळपट तांब्याचा बंब उभा आहे. तो मी. माझ्या डोक्यावर फुटकी परात पालथी घातली आहे आणि तोटीला केरसुणी टेकवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांचा अंगठा माझ्या पायाला ठेचकाळला की ते मला शिव्या देतात. देऊ देत. मला याहून मोठ्या शिव्या मिळायला हव्या होत्या, त्या कोणी दिल्याच नाहीत.

मुंबईच्या तांबाकाटा बाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. मधोमध उभी नळी, तिच्यात वरून सरपण टाकायचे. नळीच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायला जागा. गिरगावातल्या एका कारकुनाच्या घरी मी गेलो, तेव्हा माझ्यात तोंड दिसेल इतका मी लखलखीत होतो. तापणे हा माझा धर्मच, त्यामुळे स्वभाव तापट आणि थोडा बढाईखोर. शेजारच्या बंबाला पाणी कढवायला अर्धा तास लागे, मला वीस मिनिटे पुरत. हे मी कधी विसरलो नाही आणि दुसऱ्यालाही विसरू दिले नाही.

त्या घरातला धाकटा मुलगा रघुवीर. त्याने कॉलेज सोडले आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांत जाऊन राहिला. साम्यवाद हा शब्द या शहरात अजून नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. अठ्ठावीस सालच्या मोठ्या संपात तो फाटकाफाटकावर भाषणे करत हिंडला. पुढे तुरुंगात गेला. सुटून आला आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सुताच्या बॉबिनी भरणाऱ्या, मालवणकडच्या बकुळाशी त्याने लग्न केले. त्याची आई लग्नाला आली नाही. चार दिवसांनी तिने हमालाच्या डोक्यावरून मला नायगावला पाठवून दिले. सोबत निरोप एवढाच, की त्याला गार पाण्याने पडसे होते. असा मी या चाळीत आलो. रघुवीरला पुढे सगळी चाळ अप्पा म्हणू लागली, म्हणून मीही अप्पाच म्हणतो.

आता माझ्या मोठेपणाची वर्षे ऐका. कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. अप्पांच्या खोलीत पत्रे, पत्रके, नावांच्या याद्या असत. अप्पांनी घरात एक नियम घातला होता. गॅलरीतून खाकी कपडा दिसला की घरातला लिहिलेला प्रत्येक कागद बंबात. वाचत बसायचे नाही, निवडत बसायचे नाही, कोणाला विचारायचे नाही. सकाळी पेटलेल्या बंबाच्या धुराचा कोणाला संशय येणार? झडती घेणारे ट्रंका उलथत, तांदळाच्या डब्यात हात घालत, गादी उसवत. माझ्याकडे पाहून एक फौजदार तर म्हणाला होता की पाणी छान तापले आहे. तीनदा झडती झाली, तीनदा बकुळाने मला कागद चारले आणि तीनदा अप्पा वाचले. अप्पा मला म्हणत, “हा आपला सगळ्यात भरवशाचा कॉम्रेड.” मी फुगून जाई.

पण मित्रांनो, अप्पांनी लिहिलेल्या कशावरच त्यांचे नाव नव्हते. पत्रके निनावी निघत, गाणी शाहिरांच्या तोंडी जात, लेख दुसऱ्यांच्या नावावर छापले जात. बंदी उठली, वय झाले, तेव्हा त्यांनी स्वतःचे लिहायला घेतले. मूलबाळ नव्हते. होत्या त्या वह्या. पुठ्ठ्याच्या, जाड, एकूण सात. संप, तुरुंग, आणि त्याहून जास्त माणसे. संपात मंगळसूत्र विकून भाकऱ्या वाटणारी रखमा होती, तुरुंगात अक्षरे शिकलेला आणि पहिले पत्र बायकोऐवजी बैलाला लिहिणारा एक कामगार होता. सकाळी मी तापत असताना अप्पा ती पाने बकुळाला वाचून दाखवत. तिला वाचता येत नव्हते, पण चूक लगेच कळे. ती म्हणे, रखमा असे बोलणार नाही, आणि अप्पा खोडून पुन्हा लिहीत. मीही ऐके. त्या वह्या काय होत्या हे मला ठाऊक नव्हते, असे मला म्हणता येणार नाही.

छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून सगळे गिरणगाव रस्त्यावर उतरले. गोळीबार झाले, माणसे मेली. साठीला टेकलेले अप्पा काठी घेऊन लालबागला गेले ते संध्याकाळी परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते आल्याबरोबर आंघोळ करतील म्हणून बकुळाने मला पेटवले आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली एक पोलीस येताना तिला दिसला. हातात चिठ्ठी होती आणि तो अप्पांच्या खोलीचा नंबर विचारत होता.

त्या दिवसांत आमची चाळ पोलिसाला घोटभर पाणीही देत नव्हती, खोलीचा पत्ता कुठला देणार! एकाने त्याला मागच्या चाळीत पाठवले, दुसऱ्याने तिथून तिसऱ्या मजल्यावर. बकुळाला वेळ मिळावा म्हणून सगळ्या चाळीने त्या माणसाला चांगला पाऊण तास फिरवला. आणि तो सगळा वेळ बकुळाने नियमाप्रमाणे वापरला. आधी पत्रे टाकली. मग फळीवरच्या वह्या काढल्या. सातवी वही हातात घेऊन ती क्षणभर थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मग पाने उसवून तीही माझ्यात घातली.

मित्रांनो, जाड कागदाचा गठ्ठा बंबात सहज पेटत नाही. तो गुदमरतो, धुमसतो, निम्मा तसाच राहतो. मी मनात आणले असते तर धूर ओकला असता, विझलो असतो. ओल्या सरपणावर मी कितीदा रुसलो होतो. पण त्या दिवशी मला माझी कीर्ती आठवली. मी इतका सुरेख पेटलो की पाणी उकळून झाकण थडथडायला लागले. मला वाटले, चौथ्यांदा मी अप्पांना वाचवतो आहे.

मग दार वाजले. पोलिसाचे नाव भिवा. पलीकडच्या पोलीस लाइनीतच राहणारा, कोकणातलाच. टोपी काढून तो दारात उभा राहिला.

“काकी, घाबरू नकात. अप्पा इस्पितळात आसत. पायाक लागलाहा, पण बरे आसत. माका म्हणाले, घरातल्यो वह्यो घेऊन ये, पडल्यापडल्या लिवतंय.”

बकुळाची नजर रिकाम्या फळीवर गेली. भिवाने माझ्याकडे पाहिले, माझ्या जाळीखालच्या राखेकडे पाहिले. पोलिसाच्या नाकाला जळक्या कागदाचा वास कळणार नाही, असे थोडेच आहे. त्याने मान खाली घातली आणि धोतरजोडी आणि चष्मा मागून घेऊन तो गेला.

दुपारी बकुळा इस्पितळात गेली. अप्पांनी वह्या विचारल्या. ती म्हणाली, पोलिसांनी नेल्या. हे तिने मला परतल्यावर सांगितले. मलाच सांगितले, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे ते नव्हते. अप्पांचा विश्वास लगेच बसला. आयुष्यभर पोलीस त्यांच्या कागदांच्याच तर मागावर होते.

खरी वाईट वर्षे इथून सुरू झाली. अप्पा लंगडत घरी आले आणि अर्ज लिहायला बसले. जप्त केलेल्या सात वह्या परत मिळाव्यात. उत्तर येई, अशी जप्ती झालीच नाही. अप्पा दुसरा अर्ज लिहीत. सभांमधून वक्ते त्या वह्यांविषयी बोलू लागले. गिरगावात छापखाना चालवणारा हेरंब अप्पांचे पुस्तक छापायला तयार होता. तो दर महिन्याला येई आणि म्हणे, “अप्पा, आठवेल तेवढं पुन्हा लिहा ना.”

“का लिहू?” अप्पा म्हणत. “माझ्या वह्या त्यांच्या कपाटात आहेत. मी पुन्हा लिहिल्या, म्हणजे त्यांनी त्या पचवल्या असं मीच कबूल केल्यासारखं होईल.”

मोरीशेजारी उभा राहून मी हे ऐके. कपाट मीच होतो. बकुळा पदराने डोळे टिपत मला फुंकर घालत बसे आणि धुराने डोळ्यांत पाणी आले असे दाखवी.

आणि भिवा? वह्या त्यानेच नेल्या, असे चाळीत सगळ्यांनी ठरवून टाकले. मराठी असून असे केलेस, म्हणून बायका त्याच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या. तो ड्युटीवरून परतताना गॅलरीतून कोणी ना कोणी खाकरून थुंके. एक शब्द बोलून त्याला सुटता आले असते. तो बोलला नाही. अप्पांनी त्याला रस्त्यात अडवून विचारले तेव्हा त्याने एवढेच सांगितले की धोतरजोडी आणि चष्म्याशिवाय मी काही नेले नाही. अप्पांना वाटले, नोकरीसाठी खोटे बोलतो आहे.

अशी चार वर्षे गेली. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, हात कापायला लागला. साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीला तोरणे लागली, पेढे वाटले गेले. दोन दिवसांनी सकाळी अप्पा उत्साहाने उठले. म्हणाले, आता आपले राज्य आले, आता नाही म्हणणार नाहीत, मी स्वतः सचिवालयात अर्ज घेऊन जातो. त्यांनी नवे धोतर काढायला सांगितले. बकुळाने मला पेटवले. पाणी तापले तरी ती माझ्यापुढून उठली नाही.

“अहो, जाव नकात,” ती म्हणाली. “वह्या तिथं नाहीत. मी जाळल्या. ह्याच बंबात.”

तिने सगळे सांगितले. पोलीस, चाळीने घालायला लावलेले फेरे, भिवाचा निरोप, सगळे. अप्पा खाटेच्या कडेवर बसले. मला वाटत होते, त्यांनी उठून मला लाथ घालावी.

“नियम मीच केला होता, बकुळा,” ते म्हणाले. “जाळल्यास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी चार वर्षं अर्ज लिहिले नसते. वह्या लिहिल्या असत्या.”

एवढेच. त्यांनी त्या पाण्याने आंघोळ केली, नवे धोतर नेसले आणि काठी टेकत ते सचिवालयाऐवजी पोलीस लाइनीत गेले. भिवाच्या दारात, त्याच्या बायकोसमोर त्यांनी हात जोडले. परत येऊन त्यांनी बकुळाला सांगितले की भिवा म्हणाला, काकी आपण होऊन सांगतील तर बरे, म्हणून मी गप्प राहिलो. त्या संध्याकाळी बकुळाही जाऊन आली.

मग अप्पा लिहायला बसले. दिसत कमी होते, म्हणून अक्षरे मोठी. अडले की बकुळा आठवून सांगे, रखमा आधी काय बोलली आणि मग काय. पण आठवायचे ते दोघांचेही आता विरळ झाले होते. बैलाला लिहिलेल्या पत्रातली एकच ओळ त्यांना आठवली. दीड वही भरली आणि अप्पा गेले.

हेरंबने ते छापले. बारीकसे पुस्तक झाले, ऐंशी पानांचे. छपाईआधी तो खोलीत येऊन प्रस्तावना वाचून दाखवत होता. चळवळीच्या धामधुमीत लेखकाला लिहायला सवड मिळाली नाही, असे त्याने लिहिले होते. बकुळाने त्याला थांबवले.

“ते खोड,” ती म्हणाली. “लिही, सात वह्या लिहून झाल्या होत्या. त्या बकुळाने जाळल्या आणि चार वर्षं पोलिसाचं नाव सांगितलं.”

हेरंब म्हणाला, काकी, असे कोणी छापत नाही. ती म्हणाली, मग पुस्तकच छापू नकोस. त्याने छापले.

तेव्हापासून बकुळाने मला पेटवले नाही. ती स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवते. मला गॅलरीत ठेवले, ते बरेच केले. मित्रांनो, लिहिलेला कागद आगीत टाकण्याआधी तो एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, कारण तुम्ही गप्प बसलेले दिवस दुसऱ्याच्या आयुष्यातून जातात. अप्पांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर बकुळाने स्वतःचे नाव घातले आहे. माझे घातलेले नाही. म्हणून मी ते इथे सांगितले.