न वाजलेल्या हेडफोनची कैफियत

बोलणे हाच माझा जन्मधर्म. तथापि मनुष्याच्या कानात एक संपूर्ण वाक्य उच्चारण्याचा योग मला आजतागायत लाभलेला नाही. मी एक हेडफोन आहे. शेवगाव येथील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भाषा-प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या आसनापाशी, एका हुकाला मी लटकलेलो आहे. कानांवर टेकणाऱ्या माझ्या दोन्ही गाद्यांवर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घट्ट चढवलेल्या आहेत. त्या माझ्या जन्मदिवशीच चढल्या. आपण हे वाचत असाल त्या क्षणीही त्या तशाच असतील, अशी मला रास्त भीती वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेथील एका तपासनीस बाईंनी मला कानांवर चढवले. त्यांच्या केसांना तेलाचा मंद वास होता. मी त्यांच्या कानात 'हॅलो' एवढेच म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली, मला पिशव्या चढवल्या आणि खोक्यात निजवले. माझ्या वक्तृत्वाचा आरंभ आणि शेवट एवढाच. पुढे ट्रकने नगर आणि तेथून टेम्पोने शेवगाव. टेम्पोत माझ्या खोक्यावर एक लोखंडी कपाट ठेवलेले होते. दबून राहण्याचा सराव मला तेथेच झाला.

उद्घाटनाचा दिवस मला स्पष्ट आठवतो. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी फीत कापली. आम्हा सर्व हेडफोनांना हळदकुंकू लागले. नंतर मुख्य टेबलाच्या कडेवर नारळ फोडण्यात आला. नारळ पाणीदार होता. ते पाणी टेबलावरून ओघळत विजेच्या पेटीच्या फटीत उतरले. मच्छिंद्र शिपायाने तत्परतेने टेबल पुसले, परंतु वरून. आत गेले ते गेलेच. त्या दिवसापासून आमच्या तारांमध्ये प्राण उरला नाही. ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही, कारण यंत्र सुरू करण्याचे कोणाच्या मनातच नव्हते.

"पिशव्या काढू नका रे," काकासाहेब जाताना म्हणाले. "तपासणीला माणसं येत्यात. वस्तू नवी दिसली पाहिजे."

मनुष्यजातीची ही रीत मला अद्याप उमगलेली नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मोटारीची आसने पिशवीत, पाहुण्यांसाठी आणलेली गादी पिशवीत. वस्तू जपायची ती वापरण्याच्या दिवसासाठी, हे मला मान्य आहे. पण तो दिवस कोणी ठरवायचा? वस्तूला तर ते विचारले जात नाही.

त्याच वर्षी महाविद्यालयाने अकरावीच्या विद्यार्थ्यांना द्वितीय भाषा म्हणून फ्रेंच घेण्याची मुभा दिली. मुले नगरच्या महाविद्यालयांकडे जातात, ती येथेच थांबावीत, हा त्यामागचा हेतू. पालकांच्या मनात याहून साधा विचार होता. फ्रेंचमध्ये गुण सढळ मिळतात, असे सर्वत्र बोलले जात होते.

शिकवण्यासाठी वृषाली मॅडम नगरहून एस.टी.ने येत असत. दुसरी खोली रिकामी नसल्याने त्यांना आमची खोली मिळाली; मात्र यंत्रांना हात न लावण्याच्या अटीवर. त्यांनी ती अट निमूट पाळली आणि स्वतःच्या तोंडाने शिकवण्यास प्रारंभ केला. म्हणजे ज्या कामासाठी माझा जन्म झाला, ते काम माझ्या डोळ्यांदेखत दुसरेच कोणी करत होते, आणि मी हुकाला लटकून पाहत होतो.

पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारले, "फ्रेंच का घेतलं?"

"मार्क पडतात, मॅडम," समर्थ उठून म्हणाला. वर्ग हसला. समर्थ चांगल्या बागायतदार घरातला, मोकळ्या जिभेचा मुलगा.

खिडकीलगत, माझ्या अगदी समोर, प्रज्ञा बसली होती. पंचायत समितीतील कारकून भीमराज यांची ही कन्या. ती हळूच उठली. "मला अजून म्हाईत न्हाई, मॅडम."

"म्हाईत न्हाई! म्हाईत न्हाई!" समर्थने मागून हुबेहूब नक्कल केली. वस्तुतः त्याच्या स्वतःच्या घरीही असेच बोलत असत. परंतु नक्कल करणारा आपले घर विसरून नक्कल करतो. प्रज्ञा खाली बसली, आणि त्यानंतर कित्येक तास तिने केवळ मानेनेच उत्तरे दिली.

मग गळ्यातून घासून काढायच्या त्या फ्रेंच 'र'चा दिवस उगवला. सगळा वर्ग घशाशी झटापट करू लागला. समर्थचा प्रयत्न सर्वांत मोठा आणि सर्वांत केविलवाणा.

"आरं, ट्रॅक्टर चालू होईना का?" कोणीतरी ओरडले. समर्थ स्वतःही हसला.

प्रज्ञाची पाळी आली. तिने तोंड उघडले आणि तो 'र' पहिल्याच खेपेस नेमका बाहेर आला.

"कुठून आणलास गं हा?" मॅडम थक्क झाल्या.

"आमचे आजोबा सकाळी गुळण्या करत्यात ना, मॅडम, तसंच केलं."

वर्ग पुन्हा हसला. पण त्या हसण्याला धार नव्हती. तास सुटल्यावर तिची मैत्रीण स्नेहल खिडकीशी रेंगाळली, तेव्हा प्रज्ञा तिला म्हणाली, "इथं सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात केली, स्नेहल. माझं बोलणं कुठल्या गल्लीतलं, ते कुणाला कळतच न्हाई."

"मला कळतं की. गुळणीगल्लीतलं."

त्या दोघी हसत निघून गेल्या. प्रज्ञाने फ्रेंच का घेतले, याचे उत्तर त्या दिवशी मला मिळाले. तिला गुण नको होते असे नाही. पण त्याआधी तिला तोंड उघडण्यासाठी एक निर्भय जागा हवी होती. ती जागा नेमकी माझ्या तुरुंगात तिला सापडली होती.

दुर्दैवाने ती फार काळ टिकणार नव्हती. पुण्याच्या एका क्लासने संस्थेपुढे आपला फ्रेंच अभ्यासक्रम मांडला. छापील टिपणे, संभाव्य प्रश्न, तयार उत्तरे. मुलांनी पाठ करावीत आणि लिहावीत. शिक्षिकेची आवश्यकताच नाही. मॅडमचा बोलका वर्ग ठेवायचा की पुण्याची टिपणे घ्यायची, याची निवड पालकसभेत होईल असे ठरले. प्रज्ञा त्या आठवड्यात माझ्यासमोर बसून नखे कुरतडत असे.

सभा आमच्याच खोलीत भरली. मॅडमनी एवढीच विनंती केली, "निवड करण्याआधी मुलांना एकदा बोलताना ऐका."

"मॅडम, पेपर तर लेखी ना?" काकासाहेब म्हणाले.

"तोंडी परीक्षेलाही गुण आहेत, सर."

"ते तर आपल्याच हातात हायेत. ते कोण कमी देतंय?"

सभा हसली. मॅडम खाली बसल्या. पुण्याचा प्रतिनिधी, कडक इस्त्रीच्या शर्टातला तरुण, पुढे आला. "आमच्याकडे ध्वनिपाठसुद्धा आहेत. आपल्या लॅबमधूनच ऐका," असे म्हणत त्याने आपला लॅपटॉप मुख्य टेबलाला जोडला. त्याच्या पडद्यावर पाठ पुढे सरकू लागला. सर्व पालकांनी हेडफोन पिशव्यांसकट कानांवर चढवले.

मी भीमराज यांच्या मस्तकावर विराजमान झालो. किती दिवसांनी मनुष्याच्या कानाची ऊब! परंतु माझ्यात वीज नव्हती. मी जिवाच्या आकांताने ओरडू पाहत होतो की, मी मुका आहे, आम्ही सारेच मुके आहोत. पण ओरडण्यासाठीसुद्धा वीजच लागते.

आणि मग मी पाहिले, की समोरच्या रांगेतील गृहस्थ मान डोलावीत आहेत. त्यांच्या शेजारचे डोळे मिटून ऐकत आहेत. "उच्चार अगदी स्पष्ट," कोणी म्हणाले. समर्थच्या आजी बनुबाई यांनी तर हनुवटीला हात लावला. "लई गोड आवाज हाय बाईचा!"

भीमराज यांनी आजूबाजूला पाहिले. आयुष्यभर त्यांनी एकच पथ्य पाळले होते, की कोणी आपल्याला 'तुम्हाला कळत नाही' असे म्हणू नये. कार्यालयात ते जपून, पुस्तकी मराठी बोलत. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो माझ्या पट्टीला लागला. मग त्यांनीही मान हलवली. "उत्तम आहे," ते म्हणाले.

हात वर झाले. पुण्याची टिपणे निवडली गेली. दारात उभी असलेली प्रज्ञा आपल्या पित्याच्या वर झालेल्या हाताकडे पाहत राहिली.

सारे चहासाठी व्हरांड्यात गेले. भीमराज मला हुकाला लावत असताना ती जवळ आली.

"पप्पा, काय ऐकलं तुम्ही?"

"चांगलं होतं."

"बाई बोलत होती का माणूस?"

"बाई."

"ते तर बनुआजी म्हनल्या." तिने टेबलावरील पेटीकडे बोट दाखवले. "पप्पा, दिवाच लागला नव्हता."

भीमराज यांनी पेटीकडे पाहिले. नंतर फार हलक्या आवाजात म्हणाले, "सगळे माना हलवत होते, बाळा. तुझ्या कॉलेजात येऊन मला एकट्यालाच ऐकू येत नाही, असं कसं सांगू?"

तिने मला उचलले, पिशव्यांसकट कानांवर चढवले, पाठ ताठ केली आणि खणखणीत फ्रेंचमध्ये बोलू लागली. मी मृतच होतो. तिचा आवाज खोलीतील साध्या हवेतून भीमराज यांच्यापर्यंत पोचला. आपली मुलगी इतक्या मोठ्याने बोलू शकते, हे त्यांनी प्रथमच ऐकले असावे, असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"माझं नाव प्रज्ञा. मी शेवगावला राहते. आमच्या घरी एक शेळी हाय."

"शेळी? आपल्याकडं कुठाय शेळी?"

"मांजर हाय. पन मांजराचा शब्द अजून शिकवला न्हाई. आन् आता शिकवायला मॅडमच नसनार."

भीमराज थेट व्हरांड्यात गेले. खिडकी उघडी असल्याने पुढील सर्व मी ऐकले.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. मला त्या यंत्रातून काहीसुद्धा ऐकू आलं न्हाई."

'न्हाई'. कार्यालयासाठी राखलेली मराठी त्यांनी त्या क्षणी खाली ठेवली होती. कपबशांचा आवाज थांबला. नक्कल कोणीही केली नाही. समर्थ तेथेच उभा होता.

"मान तर हलवीत होता, भीमराजराव," काकासाहेब म्हणाले.

"सगळेच हलवत होते."

"मला बी काय आलं न्हाई बाबा," बनुबाई बोलल्या. "मला वाटलं माझंच कान गेलं."

"मग आजी, गोड आवाज कुणाचा होता गं?" समर्थने विचारले.

"आरं, नव्या सुनंला पहिल्याच दिवशी नावं ठेवायची असत्यात का?"

व्हरांड्यात हशा पिकला. काकासाहेब तरातरा आत आले, त्यांनी स्वतः बटणे दाबली, एक हेडफोन कानाला लावला, दुसरा लावला. पेटीवरील दिवा निर्विकार राहिला.

"आवाज ऐकून निवड झाली, साहेब, आणि आवाजच नव्हता," दारातून भीमराज शांतपणे म्हणाले. "आमच्या पोरांना बोलायला ती बाई तरी राहू द्या."

काकासाहेबांनी मनगटावरील घड्याळाकडे पाहिले. "झाला तो ठराव झाला. पुण्याच्या नोट्स येतील," ते म्हणाले. "मॅडमपन येऊ द्यात. पन या खोलीत न्हाई. यंत्रं आनखी बिघडतील. बाहेर बसा. मच्छिंद्र, खोलीला कुलूप लाव."

अशा रीतीने वर्ग वाचला, आणि मी पुन्हा बंदिस्त झालो.

आता फ्रेंचचा तास व्हरांड्यात सतरंजीवर भरतो. आमची खोली दुरुस्तीची वाट पाहत बंद आहे. दुरुस्तीवाला कधी येणार, याची चौकशी कोणी करत नाही. पाल माझ्या तारेवरून ये-जा करते. कपाळावरचे कुंकू केव्हाच वाळून झडले. पिशव्या मात्र पूर्वीप्रमाणेच चकचकीत आहेत. तपासणीला आलेल्या माणसांना मी आजही अगदी नवा दिसेन.

माझी तक्रार कोणाविरुद्ध नाही. माझ्यावाचून मुले बोलू लागली, याचा मला आनंदच आहे. परंतु वाचकहो, आपल्या घरी, शाळेत, कार्यालयात अशी एखादी वस्तू पिशवीत जपून ठेवलेली असेल, तर कृपा करून ती मोकळी करा. वापराने झिजणे हे आम्हा वस्तूंचे म्हातारपण आहे. न वापरता नवे राहणे, ही मात्र शिक्षा आहे.

परवा बंद खिडकीपलीकडून प्रज्ञाचा आवाज आला. तिने आपले नाव सांगितले, गाव सांगितले, आणि घरातील प्राण्याकडे वळली. या खेपेस शब्द निराळा होता. तो मांजराचा असावा, असा माझा अंदाज आहे. खात्रीने सांगता येत नाही. काच बंद होती, कानांवर पिशव्या होत्या, आणि मला तो नीट ऐकू आला नाही. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. कोणीतरी या पिशव्या काढाल का?